'पाणी वाढलंय' एवढ्यावर बोट येत नाही: पुरासाठी गावचा व्हॉट्सॲप ग्रुप कसा चालवायचा

"४५ फूट झालं, सगळ्यांनी सावध राहा." ऑगस्ट आला की आमच्याकडं प्रत्येक मोबाइलवर हा मेसेज फिरतो. कुठं ४५? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका ४५. म्हणजे ४४ फूट राजारामला झालं तर पाणी धोक्याच्या वर गेलंय, आयर्विनला झालं तर अजून एक फूट बाकी आहे. नरसोबावाडीच्या पुलाचं आणि राजापूर बंधाऱ्याचं माप आणखी वेगळं. ठिकाण आणि वेळ नसलेल्या आकड्यावर माणूस एक तर उगाच घाबरतो, नाहीतर उगाच झोपतो.

मी शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डाची केवायसी हे रोजचं. गावातल्या निम्म्या घरांचे नंबर माझ्याकडं, म्हणून २०१९ च्या महापुरानंतर पुराच्या ग्रुपचं काम माझ्याच गळ्यात पडलं. त्या वर्षी राजारामला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आयर्विनला ५७ च्या वर. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ ला, पुन्हा महापूर. पुराच्या दिवसांत गावचा ग्रुप कसा वागतो ते तेव्हा जवळून बघितलं, आणि माझं मत पक्कं झालं: ग्रुपचं काम बातम्या देणं नव्हे. बातम्यांना टीव्ही आहे. ग्रुपवर आलेली हाक कुणीतरी नाव सांगून अंगावर घेतली पाहिजे आणि ती मिटली की मिटल्याचं सगळ्यांना दिसलं पाहिजे. खाली जे लिहितेय ते सगळं एवढ्यासाठीच.

मे महिन्यातलं काम

पाणी नदीकाठच्या मळीत शिरल्यावर ग्रुप काढला तर पहिले दोन दिवस 'मला ॲड करा' यातच जातात. मे महिन्यात, लग्नसराईला सगळे गावात असतात तेव्हा उरकून टाका.

ग्रुप दोन करायचे. पहिला 'पूर सूचना'. यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करायची. दुसरा 'पूर मदत'. यात कुणीही लिहावं, पण फक्त मदत मागायला किंवा द्यायला. गुड मॉर्निंग, वाढदिवस, 'पंचगंगेचं रौद्र रूप' नावाचा ड्रोनचा व्हिडिओ, यासाठी गावचा जुना ग्रुप आहेच की.

ॲडमिन कोण, हा खरा अवघड विषय. गावात दोन गट असतातच. सरपंचाच्या गटाचाच ॲडमिन असला तर दुसऱ्या गटाची आळी ग्रुप सोडून जाते आणि स्वतःचा काढते. मग एकच आजी दोन्हीकडं अडकलेली दिसते आणि बोट दोनदा जाते. आम्ही दोन्ही गटांचा एकेक, शिवाय आशाताई (गावची आरोग्याची आशा कार्यकर्ती) आणि मी असे चौघे ठेवले. आशाताईचा फायदा असा की कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे हे तिला न विचारता माहीत असतं. तुमच्याकडं पोलीस पाटलाचं ऐकत असतील तर त्यांना घ्या. नेत्याच्या स्वीय सहायकाला मात्र अजिबात नको. ग्रुप नंतर प्रचाराला वापरला जातो.

मग घरांची यादी. घर कुठं आहे, माणसं किती, त्यात चालता न येणारं कोण, जनावरं किती, ट्रॅक्टर-ट्रॉली कुणाची, पोहता कुणाला येतं. जनावरांचा रकाना गाळू नका. आमच्या भागात माणूस घर सोडत नाही तो दावणीच्या म्हशींसाठी. 'या, बोट आलीय' म्हटलं की 'आधी जनावरं' हे उत्तर ठरलेलं. जनावरं पाणी यायच्या आधीच, ट्रॉली चालतेय तोवर हलवावी लागतात, आणि ती कुणाच्या ट्रॉलीतून कुठल्या गावाला जाणार हे मे मध्येच यादीत लिहिलेलं असावं.

प्रत्येक घरातले दोन नंबर घ्या, आणि त्यातला एक बाईचा. स्मार्टफोन बहुतेक घरात बाप्याच्या खिशात असतो. तो जनावरं घेऊन पाहुण्यांच्या गावाला गेला की ते घर ग्रुपमधून गेलंच म्हणून समजा. मागं राहिलेल्या सासू-सुनेकडं साधा फोन. ज्यांच्याकडं साधाच फोन आहे त्यांच्यासाठी आळीतल्या एका पोराकडं दहा-बारा घरं वाटून द्यायची. सूचना आली की त्यानं वाचून न थांबता त्या घरांना फोन लावायचा, आणि सगळ्यांना कळवल्यावर ग्रुपवर 'माळी आळी कळवलं' एवढं लिहायचं. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू असेल तर सोन्याहून पिवळं. त्यात एका फोनवर बोललेला निरोप नोंदलेल्या सगळ्या फोनांवर जातो, साध्या फोनवरसुद्धा. फक्त नंबर नोंदलेत का ते बघा. आमच्याकडं नव्या सुनांचे राहिले होते.

आकडा कुठून घ्यायचा

एका माणसाला एवढंच काम द्या. पाटबंधारे विभागाचा पाणीपातळीचा आणि धरणांच्या विसर्गाचा (म्हणजे सोडलेल्या पाण्याचा) तक्ता, जिल्हा माहिती कार्यालयाचं आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचं अधिकृत पान, हवामान खात्याचा इशारा आणि आपत्तीचे इशारे देणारं सरकारी 'सचेत' ॲप. बास. त्यानं सूचना ग्रुपवर ठरलेल्या वेळी ठरलेल्या साच्यात टाकायचं: ठिकाण, वेळ, फूट-इंच, मागच्या वेळेपेक्षा किती वाढ किंवा घट, कोणते बंधारे पाण्याखाली, कोणता रस्ता बंद. पाणी इंचाइंचानं वाढतंय की तासाला फुटानं, यावर निर्णय ठरतो. नुसत्या फुटावर नाही.

विसर्गाचा आकडा तर आणखी जपून टाकायचा. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी येतं. 'राधानगरीचा दरवाजा उघडला!!!' असं उद्गारचिन्हांसकट आलं की बायका भांडी माळ्यावर चढवायला लागतात. तेच 'राधानगरीचा एक दरवाजा, १४२८ क्युसेक, राजारामला सध्या ३१ फूट' असं लिहिलं तर माणूस जेवायला बसतो. कोयनेचं तसंच. १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण, त्यातून सोडलेलं पाणी सांगलीला यायला बराच वेळ जातो. तेव्हा विसर्ग कधी सुरू झाला ती वेळ आकड्याइतकीच महत्त्वाची.

आमच्या गावाला आणखी एक गोष्ट लागू आहे, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ऊन पडलेलं असतं आणि पाणी वाढत असतं. नरसोबावाडीला संगमावर कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी तुंबून मागं सरतं. 'पाऊस थांबला, आता उतरेल' असं कुणी ग्रुपवर लिहिलं तर ॲडमिननं ते तिथल्या तिथं खोडायचं. आकडा उतरलेला दिसेपर्यंत उतरलं म्हणायचं नाही.

मदतीचा मेसेज

'आमच्या आजी अडकल्यात, प्लीज कुणीतरी मदत करा, शेअर करा.' असल्या मेसेजला शंभर जण हात जोडतात आणि बोट येत नाही. येणार कशी? बोट चालवणारा जवान पुष्कळदा बाहेरच्या राज्यातला असतो, त्याला तुमची आजी माहीत नाही आणि आळीही माहीत नाही. मेसेज असा पाहिजे:

मदत १४
७ ऑगस्ट, सकाळी ९.४०
कुठं: माळी मळा, दूध संस्थेच्या जुन्या शेडमागं, पिवळं दुमजली घर, गच्चीवर आहेत
कोण: ६ माणसं, आजी चालू शकत नाही, बाळ ४ महिन्यांचं
जनावरं: २ म्हशी, दावं सोडलंय
पाणी: अंगणात कमरेएवढं, वाढतंय
वाट: पश्चिमेची विहीर पाण्याखाली, विजेच्या डीपीजवळ तार लोंबतेय
फोन: घरातला आणि शेजारचा
कुणी बघितलं: मी स्वतः, समोरच्या वाड्यावरून

हा साचा ग्रुपच्या वर्णनात टाकून ठेवा, कॉपी करून भरता येतो. नंबर ॲडमिन देतो. त्यातली 'वाट' ही ओळ मी आग्रहानं घातलीय. पाण्याखालच्या विहिरीचा कठडा, द्राक्षबागेच्या तारा, पडलेला विजेचा खांब हे गावच्या माणसाला झोपेतसुद्धा सांगता येतं, बोटवाल्याला दिसत नाही. माणसांचा आकडासुद्धा अंदाजे नको. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. घरात सहा आहेत हे आधी कळलं तर दोन फेऱ्या ठरवता येतात, कोण आधी कोण नंतर हे गच्चीवरच ठरतं, काठावर झुंबड होत नाही.

लोकेशन पाठवायचं तर अडकलेल्यानं स्वतः पाठवायचं. पुण्यातून भाच्यानं पाठवलं की बोट हडपसरला जायची! व्हॉट्सॲपमध्ये 'सध्याचं लोकेशन' निवडायचं, 'लाइव्ह' नको, त्यानं बॅटरी जाते. पाठवायच्या आधी खाली अचूकता किती मीटर ते दिसतं; घरातून बाहेर, गच्चीवर येऊन आकडा लहान होईपर्यंत थांबा. उसाच्या मळ्यातल्या वस्तीला पन्नास मीटरची चूक म्हणजे दुसरीच वस्ती. आणि पिन टाकली तरी खाणाखुणा लिहायच्याच.

यानंतरचे दोन शब्द या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे. ज्यानं काम अंगावर घेतलं त्यानं त्याच मेसेजला उत्तर देऊन 'घेतलं' आणि आपलं नाव लिहायचं. माणसं सुखरूप पोचली की 'झालं', वेळ आणि कुठं नेलं ते. मधल्या मध्ये कुणीही 'सांगितलंय', 'बघतो', 'वरपर्यंत कळवलंय' असलं लिहायचं नाही. 'वरपर्यंत' हा शब्द तर मी ग्रुपवर बंदच केलाय. 'झालं' आलं की ॲडमिननं नोंद झालीय ना ते बघून मूळ मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचा, म्हणजे तो पुढं ढकलला जात नाही. केरळच्या २०१८ च्या पुरात हेच मोठं दुखणं झालं होतं: सुटका झालेल्या माणसांच्या हाका पुढं फिरतच राहिल्या आणि मदत करणाऱ्यांचा वेळ त्या पडताळण्यात गेला.

आवाजी मेसेजबद्दल भांडण होतं. पोरं म्हणतात बंद करा, कारण शोधता येत नाही आणि तीन मिनिटं ऐकून शेवटी कळतं की मामीला चहापूड हवीय. पण आमच्या मामीला टाइप करता येत नाही, आणि तिलाही अडचण आहेच. म्हणून आवाजी मेसेज चालू. ज्यानं पहिल्यांदा ऐकला त्यानं तो साच्यात लिहून टाकायचा.

पुण्यातली पोरं

पूर आला की पुण्या-मुंबईतले नातेवाईक घाबरून घरी दर दहा मिनिटांनी फोन करतात. घरच्यांची बॅटरी 'हो, बरं आहे' सांगण्यातच संपते. त्यांना काम द्या. त्यांच्याकडं वीज आहे, नेट आहे, कोरडी खुर्ची आहे. गावातल्या माणसांनी पाण्यात उभं राहून वही का सांभाळायची? आमच्या 'मदत' ग्रुपचं ऑनलाइन शीट गावची पुण्यातली मुलं भरतात: नंबर, वेळ, घेतलं कुणी, झालं का. दोन तास उलटून 'घेतलं' आलं नाही तर तेच नियंत्रण कक्षाला फोन लावतात. एक सूचना: १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर, पुण्यातून लावला तर पुण्याचाच कक्ष लागू शकतो. कोल्हापूरच्या कक्षाचा एसटीडी कोडसकट पूर्ण नंबर आधीच लिहून ठेवा. जीव धोक्यात असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. ग्रुपवर लिहिलं म्हणजे सरकारला कळलं असं होत नाही, फोन करायचाच.

रात्रपाळीला माझी मावसबहीण. ती न्यू जर्सीत. आपली रात्र तो तिचा दिवस. पहाटे तीनला आलेली हाक तिनं वाचून मला फोन करून उठवायचं, असं ठरलंय. परदेशातल्या नातेवाइकांचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही (पैसे पाठवतात, तो वेगळा).

एक्सवर लिहायचं तर गावातर्फे एकाच खात्यावरून, जिल्हाधिकारी कार्यालयाला टॅग करून, तोच साचा वापरून. पन्नास जणांनी पन्नास तऱ्हेनं लिहिलं तर तिकडं ती पन्नास ठिकाणं वाटतात. फेसबुकचं काम मदत पोचायला लागल्यावर. पाणी चढताना तिथं फक्त लाइव्ह चालतं.

अफवा

'कोयना फुटलं' हा मेसेज दर पुरात येतो. लोक मूर्ख असतात म्हणून विश्वास ठेवत नाहीत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण खरंच फुटलं होतं, ते सगळ्यांच्या ध्यानात आहे. म्हणून हसून उडवू नका, विचारा: तू स्वतः बघितलंस का? किती वाजता? कुठून? तीनपैकी एकाचं उत्तर नसेल तर ॲडमिननं मेसेज काढायचा आणि सूचना ग्रुपवर खरा विसर्ग वेळेसकट टाकायचा. नुसतं 'ही अफवा आहे' म्हणून अफवा थांबत नाही, खरा आकडा दिल्यावर थांबते.

मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो पुष्कळ हातांतून आलाय. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पुढं पाठवू देतं. पण कुणी कॉपी करून चिकटवला की खूण जाते आणि तो ताजा वाटतो. 'आत्ताच कलेक्टर ऑफिसमधून' अशी सुरुवात असेल तर जास्तच बघा. व्हिडिओत पाटी, दुकान, पुलाचं नाव दिसतं का, माणसं कुठली बोली बोलतात, हे ऐकलं तरी निम्मे व्हिडिओ बाद होतात.

ऐकतच नसेल त्याला कायदा दाखवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ प्रमाणं घबराट पसरवणारा खोटा इशारा दिला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून पाच जणांना जमावानं ठार मारलं. पुरात अनोळखी माणसं बोटी आणि ट्रक घेऊन गावात येतात, तेव्हा 'चोर फिरतायत' हा मेसेज मी सगळ्यात आधी काढते आणि थेट पोलिसांना कळवते.

काय टाकायचं नाही

'आमचं घर बंद करून आलो, सगळे इचलकरंजीला' असं उघड ग्रुपवर लिहू नका. यादी ठेवणाऱ्याला एकट्याला कळवा. ओल्या कपड्यातल्या बायकांचे, बोटीत रडणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो नकोत. आधार, पासबुक यांचे फोटो ग्रुपवर तर कधीच नकोत, भरपाईच्या नावानं फसवणारे त्याच दिवसांत फोन करतात. मदतनिधीचा क्यूआर कोड ज्याच्या-त्याच्याकडून आलेला पुढं ढकलू नका. मुख्यमंत्री सहायता निधीला द्यायचं असेल तर अधिकृत संकेतस्थळावरून खाते क्रमांक बघून द्या.

आणि मदत मागताना नेमकी मागा. २०१९ ला जुन्या कपड्यांचे ढीग शाळांच्या व्हरांड्यात पडून होते आणि इकडं सॅनिटरी पॅड, टॉर्चचे सेल, जनावरांचा चारा मिळत नव्हता. 'कपडे नकोत. ओला चारा दोन ट्रॉली, उद्या सकाळी, हायस्कूलच्या मैदानावर' असं लिहिलं की तेच येतं. पुरेसं आलं की 'पुरे' हेही लिहायचं, ते कुणी लिहीत नाही.

टॉवर बंद पडल्यावर

वीज गेली की काही तासांनी टॉवरही जातो, त्यामुळं पाणी चढायच्या आधीच मोबाइलमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, गुगल मॅपवर तालुक्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. नेट नसलं तरी जीपीएस चालतं. नकाशावर आपल्या ठिकाणावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतात, ते साध्या एसएमएसनं पाठवता येतात. डेटा चालत नसताना एसएमएस पुष्कळदा जातो. घरात फोन चार असतील तर एकच चालू ठेवा. चार्जिंग ट्रॅक्टरच्या बॅटरीवर होतं, पोरांना सगळं येतं.

सगळंच बंद पडलं तर देवळाचा भोंगा, तोही इन्व्हर्टरवर. म्हणून सूचना ग्रुपवरचा मेसेज नेहमी असा लिहायचा की तो भोंग्यावर जसाच्या तसा वाचता येईल. इमोजी वाचता येत नाहीत.

पाणी उतरल्यावर

घरात शिरताना आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो काढा, झाडलोट नंतर. घराचा क्रमांक, मीटर, वाहून गेलेल्या गोठ्याची जागा, मेलेलं जनावर कानातल्या बिल्ल्यासकट, तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटेल अशा कॅमेऱ्यानं. हे तलाठ्याला किंवा पंचनाम्याच्या माणसाला थेट दाखवायचं. सूचना ग्रुपवर फक्त उद्या कुठल्या आळीचा पंचनामा आहे ते, म्हणजे माणसं शेताला जाऊन बसत नाहीत. टाकीचं पाणी कधीपासून प्यायला चालेल, वीज कुठल्या डीपीवर सोडली, साप दिसला तर कुणाला बोलवायचं, हेही त्याच ग्रुपवर.

दसऱ्याला दोन्ही ग्रुपना कुलूप लावायचं, म्हणजे फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं, पण मोडायचे नाहीत. पुढच्या मे ला यादी घेऊन आळीआळीनं फिरायचं: कुणाचा नंबर बदलला, कुणाची म्हैस विकली, कुठल्या घरी पाळणा हलला. यादीची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ग्रामपंचायतीत, हायस्कूलमध्ये आणि एक उंचावरच्या कुणाच्या तरी घरी ठेवायची. आमच्याकडं ती गिरणीवाल्या अण्णांकडं असते.